अल्ट्रालाइट विमानाची दुरुस्ती आणि बदल : नवख्या मालकाने हातात पाना घेण्यापूर्वी

१७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट यांनी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज यांना सोबत घेऊन उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या विमानाला आधीच्यापेक्षा थोडे लांब असे नवे प्रोपेलर बसवलेले होते. हवेत असताना एका प्रोपेलरचे पाते तडकले, विमान थरथरू लागले आणि फिरते पाते शेपटीकडील सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेत अडकले. सुकाणूवरचा ताबा गेला आणि विमान कोसळले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात प्राण गमावणारे सेल्फ्रिज हे पहिलेच. बदल प्रोपेलरमध्ये केला होता. निकामी झाले ते सुकाणू. आजचे अल्ट्रालाइट, म्हणजे अतिहलके, विमानही नळ्या, तारा, कापड आणि बहुधा मागे फिरणारा प्रोपेलर यांचेच बनलेले असते, त्यामुळे त्या दिवशी जे घडले ते आजही त्याच क्रमाने घडू शकते.

हे विमान मुळात बदलातूनच जन्माला आले आहे. जॉन मूडी यांनी पायांनी धावत उडवायच्या ग्लायडरला लहानसे इंजिन जोडले आणि १९७६ मध्ये अमेरिकेतील ओशकोशच्या विमान-मेळाव्यात ते उडवून दाखवले, तेव्हापासून या छंदात स्वतःच्या हाताने काम करण्याची परंपरा आहे. ती परंपरा मला प्रिय आहे आणि ती टिकावी असे मनापासून वाटते. म्हणूनच हा लेख लिहीत आहे. अमेरिकेच्या नियमांत या वर्गातील विमानाचे रिकामे वजन २५४ पाउंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा, कमी असावे लागते, इंधन ५ गॅलनपर्यंत (सुमारे १९ लिटर), वेग ५५ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १०२ किलोमीटर) आणि आसन एकच, अशा मर्यादा आहेत. त्या पाळल्या तर उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र लागत नाही. इतर देशांत नियम वेगळे आहेत आणि काही ठिकाणी प्रत्येक बदलाला आधी लेखी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून आपल्या देशाचा नियम कामाला हात घालण्यापूर्वी वाचलाच पाहिजे. मात्र जिथे तपासणारे कार्यालय नाही, तिथे तपासणीची गरज संपत नाही. ती पूर्णपणे मालकावर येते.

पायरी १ : हे काम दुरुस्ती आहे की बदल, हे आधी ठरवा

नवखा मालक सहसा विमानात बदल करायला निघत नाही. तो दुरुस्ती करायला निघतो आणि नकळत बदल करून बसतो. झिजलेला बोल्ट काढून त्याच जाडीचा पण वेगळ्या लांबीचा बोल्ट घालणे, इंधनाची कडक झालेली नळी काढून तिथे हाताशी असलेली मऊ नळी बसवणे, फिकट पडलेल्या कापडावर रंग मारणे, ही तिन्ही कामे मालकाच्या मनात दुरुस्तीच्या खात्यात जमा असतात. माझ्या मते नियम एकच ठेवावा : काम संपल्यावर तो भाग उत्पादकाच्या आराखड्यातील भागाशी साहित्य, माप, जोडणी आणि वजन या चारही बाबतींत तंतोतंत जुळत असेल तरच ती दुरुस्ती. यातील एकही गोष्ट वेगळी असेल तर तो बदल आहे, आणि त्याला बदलाइतकाच अभ्यास, हिशेब आणि चाचणी हवी.

यासाठी पहिल्या दिवशी हातात पाना नको, कागद हवेत. विमानाची आणि इंजिनाची पुस्तिका, भागांची यादी आणि उत्पादकाने वेळोवेळी काढलेल्या सूचना मिळवा. जुन्या विमानाबाबत अडचण अशी असते की ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते आणि आधीच्या दोन-तीन मालकांनी त्यात काय केले याची नोंद नसते. अशा वेळी समोर दिसते ते मूळ रूप आहे असे धरून चालणे ही मोठी चूक ठरते, कारण आधीच्या कोणाची तरी चूक तुम्ही काळजीपूर्वक पुन्हा तशीच बसवता. त्याच प्रकारचे दुसरे विमान शोधून दोन्ही शेजारी ताडून पाहणे आणि जिथे फरक दिसेल तिथे जाणकार अभियंत्याला विचारणे, हा त्यावरचा मार्ग आहे. उत्तर मिळेपर्यंत विमान जमिनीवर ठेवावे.

पायरी २ : वजनाचा हिशेब कागदावर मांडा

जड विमानात दहा किलो इकडेतिकडे झाले तर फारसा फरक पडत नाही. इथे तसे नाही. समजा, वैमानिक आणि इंधन धरून विमानाचे वजन २१५ किलो आहे आणि मालकाने दोरी ओढून इंजिन सुरू करण्याचा कंटाळा आला म्हणून विजेवर चालणारा स्टार्टर आणि बॅटरी मिळून ९ किलोंची भर, गुरुत्वमध्याच्या (ज्या बिंदूवर विमानाचा तोल राहतो त्याच्या) १.४ मीटर मागे, इंजिनाजवळ घातली. ९ ला १.४ ने गुणून एकूण २२४ किलोंनी भागले की गुरुत्वमध्य सुमारे ५.६ सेंटिमीटर मागे सरकल्याचे दिसते. अनेक लहान विमानांत गुरुत्वमध्याला मिळणारी एकूण जागाच वीतभर असते, तेव्हा त्यातील एवढा भाग एका सोयीसाठी खर्ची पडतो. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला की नाक खाली आणायला एलेव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील फळीचा, जोर पुरत नाही, आणि वेग घटून पंखांची उचल संपली असता विमान सावरता येईलच असे सांगता येत नाही.

वजन वाढल्याचा दुसरा परिणाम नजरेआड राहतो. विमानाचा सांगाडा २५० किलोंवर ४ पट भार सोसेल असा बनवलेला असेल, तर त्याची खरी क्षमता १,००० किलोंची आहे. वजन २८० किलो झाले की तोच सांगाडा साडेतीन पटींच्या थोडा वर येऊन थांबतो. उंची कायम ठेवून ६० अंश कलत्या वळणात विमानावर दुप्पट भार येतो, आणि त्यात हवेचा एखादा जोरदार झोत मिसळला की उरलेली शिल्लक भराभर संपते. मोठे इंजिन बसवणाऱ्यांची समजूत असते की ताकद वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली. पंख, तारा आणि शेपटी मात्र जुनीच असतात. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ५५ ऐवजी ६५ नॉटने उडताना तो सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असतो. इंजिन बदलल्याने विमानाची कमाल वेगमर्यादा एका नॉटनेही वाढत नाही, हे लक्षात ठेवूनच त्या वाटेला जावे.

कोणताही भाग घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर विमान प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून तोलावे आणि गुरुत्वमध्य नव्याने काढावा. अंदाजाने लिहिलेला आकडा नोंदवहीत असण्यापेक्षा नसलेला बरा.

पायरी ३ : नळ्यांना हात लावताना

अल्ट्रालाइटच्या बहुतेक नळ्या ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. नावातील ‘टी६’ म्हणजे त्या धातूवर ठरावीक उष्णता देऊन आणि मुरवून केलेली प्रक्रिया, आणि नळीची निम्मी ताकद त्या प्रक्रियेतूनच आलेली असते. अशा नळीला वेल्डिंग केले की सांध्याच्या दोन्ही बाजूंना धातू पुन्हा मऊ पडतो आणि ताकद ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. सांधा दिसायला सुबक, पूर्वीपेक्षा भरीव दिसतो, आणि तेच त्याचे घातक रूप आहे. तापवून नळी सरळ करणाऱ्याच्या हातूनही तेच घडते.

न तापवता, गुडघ्यावर किंवा शिकंजात धरून सरळ केलेली नळीही टाकाऊच समजावी. जोरात उतरल्यावर चाकाजवळची नळी थोडी वाकते, मालक ती उलट्या दिशेने वाकवून सरळ करतो आणि काम झाले असे मानतो. पण एकदा वाकून पुन्हा वाकलेल्या जागी धातू कडक आणि ठिसूळ झालेला असतो व आतल्या बाजूस बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. पोलादाला एका मर्यादेखालचे ताण कितीही वेळा दिले तरी सहसा चालते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा आला की धातू थकतो आणि चीर सुरू होते. ती चीर जवळजवळ नेहमी एखाद्या ओरखड्यापासून, खड्ड्यापासून किंवा छिद्रापासून निघते.

छिद्र हा स्वतंत्र विषय आहे. कॅमेरा, आरसा किंवा रेडिओ बसवण्यासाठी नळीला चार मिलिमीटरचे एक छिद्र पाडणे हे नवख्या माणसाला क्षुल्लक वाटते, पण ताण सोसणाऱ्या पत्र्याला गोल छिद्र पाडले की छिद्राच्या काठावरचा ताण आसपासच्या तुलनेत जवळपास तिप्पट होतो, मग छिद्र कितीही लहान असो. पंखाचा मुख्य आधार असलेल्या स्पारच्या नळीत, तारा जोडल्या जातात त्या ठिकाणाजवळ, असे छिद्र पाडणे म्हणजे पंख कुठून तुटावा याची जागा आखून देणे होय. काही बसवायचेच असेल तर रबर लावलेल्या पट्टीने नळीभोवती आवळावे आणि तेही मुख्य भार वाहणाऱ्या नळ्या सोडून. ॲल्युमिनियमवर खुणा करताना साधी शिसपेन्सिल वापरू नये, कारण तिच्यातील ग्राफाइटमुळे त्या रेषेवर गंज धरतो. मऊ टोकाचा मार्कर पुरतो.

पायरी ४ : बोल्ट, नट आणि त्यांची बंधने

दुकानात मिळणारा चकचकीत बोल्ट विमानाच्या बोल्टसारखाच दिसतो, आणि या एका सारखेपणामुळे चुकीचे बोल्ट सर्रास बसवले जातात. विमानासाठीचे ‘एएन’ प्रकारचे पोलादी बोल्ट डोक्यावरील फुलीसारख्या खुणेने ओळखू येतात आणि ते चौरस इंचाला किमान १,२५,००० पाउंड ताण सोसतील अशा पोलादाचे असतात. साध्या बोल्टबाबत असे काहीच ठामपणे सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाचा फरक आट्यांचा आहे. विमानाच्या बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग नळीच्या जाडीइतका निवडलेला असतो, म्हणजे छिद्राच्या आत आटे येत नाहीत. डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घातला की भार आट्यांच्या धारांवर येतो, त्या करवतीसारख्या नळीत रुततात, छिद्र लांबट होते आणि सांधा हलू लागतो. शिवाय आट्यांच्या जागी बोल्टही बारीक असतो.

किती आवळायचे, हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. पाव इंची एएन बोल्टसाठी सर्वसाधारण तक्त्यात ५० ते ७० इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचे माप) आणि ३/१६ इंची बोल्टसाठी २० ते २५ इंच-पाउंड असे आकडे आहेत, आणि हे इतके थोडे आहेत की मोटारीच्या कामाची सवय असलेला हात सहज त्यांच्या पलीकडे जातो. त्यातही बोल्ट पोकळ नळीतून आरपार जात असेल तर जास्त आवळल्याने नळीच चेपते, म्हणून अशा ठिकाणी विमानाच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा आणि आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना वापरावा. नायलॉनचे कडे असलेला नट हाताच्या बोटांनी फिरू लागला तर तो फेकून द्यावा. तो सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर तापणाऱ्या जागी वापरू नये. ज्या सांध्यात बोल्ट स्वतः फिरू शकतो, तिथे त्याच्या भरवशावर राहू नये, तिथे खाचांचा नट आणि छिद्रातून घालून टोके वाकवायची कॉटर पिनच हवी. नट पूर्ण बसल्यावर बोल्टचे टोक निदान एक आटा बाहेर दिसले पाहिजे. एकदा वाकवलेली कॉटर पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. ती फार तर तुमचे पाच मिनिटांचे काम वाचवते आणि बदल्यात एलेव्हेटरचा सांधा पणाला लावते.

पायरी ५ : तारा आणि कापड

तारेवरून सुती फडके हलकेच फिरवावे. तुटलेला एखादा तंतू असेल तर धागा अडकतो. उघड्या हाताने मात्र हे करू नये. तारेला एकदा तीव्र घडी पडली की ती सरळ करून वापरता येत नाही. तारेच्या टोकाचा फास तांब्याच्या स्लीव्हने, म्हणजे आखूड नळकांड्याने, दाबून करतात, पण त्यासाठी ठरलेले दाबयंत्र आणि दाब बरोबर बसला का हे पाहणारे मापक लागते. पकडीने किंवा हातोडीने दाबलेली स्लीव्ह ओढून पाहिली तर घट्ट वाटते आणि हवेत सरकते. तारेचा ताण कमीजास्त करणाऱ्या टर्नबकलमध्ये दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर राहता कामा नयेत आणि त्याला सुरक्षा तार बांधलेली हवी.

पॉलिएस्टरच्या कापडाला ऊन खाते. रंग शाबूत असूनही कापडाची ताकद गेलेली असू शकते, म्हणून ब्रिटनमध्ये बेट्सोमीटर नावाच्या साध्या साधनाने सुई टोचून कापड आणि शिवण किती ओढ सोसतात ते पाहण्याची पद्धत रूढ आहे. असे कापड झाकण्यासाठी रंग मारणे हे दुहेरी नुकसानीचे आहे : दुर्बलता लपते, आणि एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची फळी) किंवा एलेव्हेटरच्या मागच्या कडेला वजन वाढते. बिजागरीच्या मागे वजन वाढलेला असा भाग विशिष्ट वेगाला आपोआप फडफडू लागतो, ती फडफड क्षणात वाढते आणि काही सेकंदांत सांधा किंवा पंख मोडू शकतो. तारा सैल असतील तर धोका आणखी लवकर येतो. ठिगळ लावायचेच असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या कापडाचे, सांगितलेल्या मापापर्यंतच आणि शिवणीपासून दूर असावे.

पायरी ६ : इंजिन, इंधन आणि प्रोपेलर

रोटॅक्स कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत उत्पादकानेच स्पष्ट लिहिले आहे की हे इंजिन अचानक बंद पडू शकते. हे वाक्य वाचूनही त्यात आपली कल्पकता मिसळणारे लोक आहेत, याचे मला वाईट वाटते. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारे बारीक तोंड, बदलणे, वेगळा एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बसवणे, प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलणे, यातील प्रत्येक कामाने इंधन आणि हवेचे प्रमाण किंवा इंजिनावरचा भार बदलतो. इंधन कमी पडले की धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचे तापमान चढते. रोटॅक्स ५०३ साठी ते ६५० अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये. तापमान दाखवणारा काटा नसताना असे प्रयोग केले तर पहिली सूचना मिळते ती पिस्टन वितळून इंजिन अडकल्यावरच. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबराला पडलेली बारीक भेगही हवा आत ओढून हेच करते, म्हणून ते रबर दाबून, वाकवून पाहावे.

इंधनाच्या मार्गात सिलिकॉनचा लेप लावू नये. पेट्रोलमध्ये तो फुगतो, सुटतो आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. आट्यांवर गुंडाळलेल्या पांढऱ्या टेपच्या चिंध्याही तशाच आत जातात. मिकुनी कंपनीचा इंधनाचा पंप इंजिनाच्या आतील दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि ते ठोके एका वेगळ्या नळीतून येतात. ती नळी आखूड आणि कडक हवी. तिथे मऊ किंवा लांब नळी बसवली तर ठोका नळीतच विरतो, पंप मंद इंजिनाला पुरेसे इंधन देतो, पण पूर्ण जोराने चढताना, म्हणजे उंची सर्वांत कमी आणि गरज सर्वांत जास्त असताना, इंजिन भुकेले राहते. जमिनीवर क्षणभर इंजिन फिरवून पाहणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही.

प्रोपेलर मागे असलेल्या विमानात सुटणारी प्रत्येक वस्तू त्याच्या दिशेने जाते. सायलेन्सरच्या स्प्रिंगांना तार बांधलेली नसेल तर तुटलेली स्प्रिंग पाते फोडते, आणि फुटलेले पाते तोल बिघडवून इंजिन त्याच्या आधारापासून उपटू शकते. प्रोपेलर बदलताना पात्याच्या टोकापासून तारा, नळ्या आणि कापड किती दूर आहेत ते मोजावे, आणि इंजिन त्याच्या रबरी आधारावर हलते हेही त्यात धरावे.

पायरी ७ : वैमानिकाच्या हाताची पोच

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. ते विमान अल्ट्रालाइट नव्हते, पण धडा तोच आहे. विमान बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची खुंटी मूळ आराखड्यातील जागेवर न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. तिथे हात पोचवायला अंग वळवावे लागे, आणि तसे करताना उजवा पाय सुकाणूच्या पेडलवर दाबला जाण्याची शक्यता होती. तपास यंत्रणेने अपघाताच्या कारणांत या खुंटीच्या जागेचा समावेश केला. म्हणून कोणतीही कळ, खुंटी किंवा आसन हलवल्यावर पट्टा आवळून बसावे आणि डोळे बाहेर ठेवून प्रत्येक गोष्टीपर्यंत हात जातो का ते पाहावे.

पायरी ८ : काम संपल्यावर

ज्याने काम केले त्याची नजर आपलीच चूक ओलांडून जाते, म्हणून नियंत्रणाच्या जोडणीला हात लागला असेल तर दुसऱ्या जाणकाराने, तुमचे काही न ऐकता, ती स्वतंत्रपणे तपासावी. वैमानिकाच्या हातातला दांडा नुसता मोकळा फिरतो का एवढेच पाहून भागत नाही, दिशा पाहावी लागते : दांडा डावीकडे नेला की डावा एलेरॉन वर गेला पाहिजे आणि उजवा खाली. तारा उलट जोडल्या गेल्या तरी दांडा तितकाच मोकळा फिरतो.

यानंतर विमान घट्ट बांधून इंजिन काही मिनिटे पूर्ण जोराने चालवावे, तापमानाचे आकडे लिहून ठेवावेत, मग धावपट्टीवर नुसते पळवावे. पहिले उड्डाण एकट्याने, शांत हवेत, मैदानाच्या आवाक्यात राहून करावे, आणि एका उड्डाणात एकाच बदलाची परीक्षा घ्यावी. दोन बदल एकत्र केले तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. नोंदवहीत तारीख, काढलेला भाग, घातलेला भाग, टॉर्कचा आकडा आणि तपासणाऱ्याची सही असावी.

आवळलेल्या प्रत्येक नटावर नट आणि नळी यांना जोडणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. उतरल्यावर आधी त्या रेघा पाहाव्यात; जिथे रेघ तुटली आहे तिथे नट फिरला आहे. मग रिव्हेट आणि सांध्यांभोवती काळसर डाग दिसतो का ते पाहावे. ती धूळ नसते, तर घासून निघालेल्या ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती दिसली तर पुसून उडू नये, सांधा उघडावा.